टर्मिनलवरची गुणवत्ता यादी

आमच्या ऑफिसात गेल्या वर्षी एक छोटं टूल आलं. टर्मिनल उघडायचं, एका शब्दाची कमांड टाइप करायची, एंटर मारायचं. दोन सेकंदांत तुमचं नाव येतं, या आठवड्यात तुम्ही एआयवर किती डॉलर खर्च केले तो आकडा येतो आणि त्याखाली हिरव्या किंवा लाल अक्षरांत तुमचा क्रमांक. 'एआय कार्यक्षमता: १४६पैकी ११२.' कमांडपुढे आणखी एक शब्द जोडला की पहिल्या दहांची यादी येते. दुसरा जोडला की शेवटच्या दहांची. ही दुसरी सोय कुणी मागितली होती ते आजवर कळलेलं नाही. पण सगळ्यात जास्त वापर तिचाच होतो, हे आमच्या कँटीनमध्ये कुणीही सांगेल.

टूल बनवणारा मुलगा हुशार आहे. त्यानं ते दोन दिवसांत उभं केलं, अर्थातच एआयकडून लिहून घेऊन. त्याच्यावर माझा राग नाही. वापर मोजणारी टूलं मुळातच वाईट, असंही मी म्हणत नाही. 'सीसीयूसेज' नावाचं एक फुकट, ओपन सोर्स टूल आहे. ते आपल्याच लॅपटॉपवर साठलेल्या नोंदी वाचतं आणि आज किती टोकन गेले, किती पैसे झाले, ते आपल्यालाच दाखवतं. मी ते आनंदानं वापरते, घरातलं विजेचं मीटर बघावं तसं. पण समजा सोसायटीच्या नोटीस बोर्डावर दर सोमवारी 'कमीत कमी वीज जाळणारी दहा आदर्श कुटुंबं' आणि 'शेवटची दहा कुटुंबं' अशी यादी लागली आणि ती बघून प्रत्येकाचा मेंटेनन्स ठरू लागला, तर? ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे, ज्यांच्याकडे आजारी सासऱ्यांसाठी रात्रभर ऑक्सिजनचं मशीन चालतं, ते सगळे तळाला. आणि सगळ्यात वर कोण? ज्यांचा फ्लॅट कुलूपबंद आहे ते.

आमच्याकडे नेमकं हेच चाललंय. फक्त मेंटेनन्सच्या जागी अप्रेझल आहे. माझं म्हणणं असं की मशीनचं बिल जरूर मोजा, बारकाईनं मोजा, पण त्या बिलावरून माणसांचे नंबर लावू नका. हे म्हणायला भावनाप्रधान वगैरे असावं लागत नाही. ते टूल आतून कसं चालतं एवढं कळलं तरी पुरतं.

कारण 'एआय कार्यक्षमता' हे शब्द ऐकले की वाटतं आत काहीतरी फार खोल गणित असणार. नसतं. कोड लिहिणारे एआय एजंट प्रत्येक संभाषणाची नोंद एका फाइलमध्ये ठेवतात. त्या नोंदीत चार आकडे असतात: मॉडेलला किती टोकन पाठवले, त्यानं किती टोकन परत दिले, किती टोकन कॅशमध्ये साठवले आणि किती कॅशमधून वाचले. टोकन म्हणजे मजकुराचा तुकडा. कधी अख्खा शब्द, कधी अर्धा, कधी एखादं अक्षर. टूल या आकड्यांना दराच्या तक्त्यानं गुणतं आणि डॉलर काढतं. हा झाला भागाकारातला खालचा आकडा. वरचा आकडा येतो गिटमधून: त्या आठवड्यात तुमच्या नावावर कोडच्या किती ओळी मुख्य शाखेत गेल्या. भागाकार करायचा, १४६ जणांना चढत्या-उतरत्या क्रमानं लावायचं. संपलं. सहावीतल्या मुलाला जमेल.

आता खालच्या आकड्याची एक खोड बघा. मॉडेलला मागचं आठवत नसतं. तुम्ही दहावा प्रश्न विचारता तेव्हा आधीचे नऊ प्रश्न, त्यांची उत्तरं आणि वाचायला दिलेल्या सगळ्या फाइली पुन्हा त्याच्यासमोर ठेवल्या जातात. कॅशमुळे ते स्वस्तात होतं. काही कंपन्यांच्या दरपत्रकात कॅशमधून वाचलेला टोकन मूळ दराच्या एक-दशांश किमतीला पडतो. तरीही जितकं संभाषण लांबेल तितका आकडा फुगत जातो. म्हणजे 'हे नीट झालं का?' असे चार शब्द विचारायची किंमत तुम्ही ते संभाषणाच्या सुरुवातीला विचारता की दोन तासांनी, यावर ठरते. अवघड प्रश्नांना दोन तास लागतात, सोप्यांना लागत नाहीत.

मागे एकदा बिलांमध्ये पैशांचा हिशेब एक पैशानं चुकत होता. रोज नाही, ठरावीक कर असलेल्या ठरावीक बिलांवरच. चार टीम्सनी आठ वर्षांत लिहिलेला तो कोड. त्यातले तिघे तर नोकरी सोडून कॅनडाला गेलेले. एजंटला चाळीसेक फाइली वाचायला लावल्या, त्यानं दिलेली दोन उत्तरं खोटी निघाली, तिसऱ्या उत्तरातून मला धागा सापडला. शेवटी बदल किती? एक ओळ. राउंडिंग करायची जागा बदलली, एवढंच. त्या आठवड्यात माझा क्रमांक १३९ होता. पहिल्या क्रमांकावर जो होता त्यानं एका नव्या पोर्टलचे सतरा फॉर्म बनवून घेतले होते. एकासारखा दुसरा, हजारो ओळी, स्वस्तातलं मॉडेल. त्यानं काही चुकीचं केलं नाही, त्याला ते काम दिलं होतं. मला माझं दिलं होतं. आमच्या दोघांची कामं एकाच तराजूत घालायचं कुणी ठरवलं?

दहावी-बारावीच्या बोर्डानं आपल्याकडे गुणवत्ता यादी जाहीर करणं केव्हाच थांबवलं. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिलीही नसेल. पहिल्या आलेल्या मुलीला आई पेढा भरवतेय असा फोटो पहिल्या पानावर, आणि घरोघरी 'बघ, शिक तिच्याकडून काहीतरी'. त्या यादीवर हजार आक्षेप घेता येतील. पण निदान सगळ्यांना पेपर एकच असायचा. आमच्या यादीत प्रत्येकाचा पेपर वेगळा, तपासणारा एकच, आणि त्यानं पेपर वाचलेलाच नसतो. त्यानं फक्त पुरवण्या मोजलेल्या असतात.

यादी लागली की माणसं यादीसाठी जगू लागतात. आमच्याकडे पहिल्या महिन्यातच टेस्ट फाइलींना पूर आला. ज्या फंक्शनमध्ये बेरजेपलीकडे काही नाही त्याला चाळीस टेस्ट. कारण टेस्टच्या ओळीही ओळीच. जुना, न लागणारा कोड काढून टाकायचं काम कुणी उचलेना, कारण ओळी कमी होतात. दुसऱ्याचा कोड तपासून देणं सगळ्यांच्या मागे पडलं, कारण तपासण्यात टोकन जातात आणि श्रेय ज्याचा कोड त्याला. हे सगळं एक वेळ हसण्यावारी नेता येईल. पण शेवटची गोष्ट हसण्यासारखी नाही. अवघड प्रश्न लोक आपापल्या फोनवर, स्वतःच्या फुकट अकाउंटवर विचारू लागले. का? तिथले टोकन मोजले जात नाहीत. म्हणजे ग्राहकाचा कोड, त्यातली टेबलांची नावं, कधी खऱ्या माणसांचा डेटासुद्धा, कंपनीनं पैसे मोजून घेतलेल्या सुरक्षित खात्यातून बाहेर पडून कुणाच्या तरी खासगी चॅटमध्ये जाऊन बसला. दर वर्षी आम्हाला माहितीच्या सुरक्षेचं अनिवार्य ट्रेनिंग असतं, शेवटी वीस गुणांची चाचणी. त्या ट्रेनिंगवर या यादीनं पाणी फिरवलं.

सगळ्यात मोठा विनोद तर मी अजून सांगितलाच नाही. ही यादी सुरुवातीला उलटी होती.

२०२५च्या एप्रिलमध्ये शॉपिफायच्या टोबी लुटके यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेला मेमो जाहीर केला: एआय वापरणं ही आता प्रत्येकाकडून किमान अपेक्षा आहे आणि कामगिरीच्या मूल्यमापनात त्याबद्दल विचारलं जाईल. त्याच ऑगस्टमध्ये कॉइनबेसच्या ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी एका पॉडकास्टवर सांगितलं, की सांगूनही ज्या इंजिनिअरांनी एआय टूलं सुरू केली नाहीत आणि ज्यांच्याकडे योग्य कारण नव्हतं, त्यांना त्यांनी कामावरून काढलं. असं काही अमेरिकेत कुणी बोललं की ते आमच्या मॅनेजर मंडळींच्या लिंक्डइनवर दुसऱ्या दिवशी पोचतं आणि तिसऱ्या दिवशी आमच्या मीटिंगमध्ये. तर आमच्याकडची पहिली यादी 'एआय स्वीकार' मोजायची. जो जास्त टोकन जाळेल तो वर. माझ्या शेजारच्या खुर्चीतला एक जण चौथा आला, त्याला गिफ्ट व्हाउचर मिळालं, ऑल हँड्समध्ये टाळ्या. तो रात्री घरी जाताना एजंटला 'सगळा प्रोजेक्ट वाच आणि सुधारणा सुचव' असं सांगून लॅपटॉप चालू ठेवून जायचा. सकाळी सुचवलेल्या सुधारणा न वाचता पुसायचा.

मग बिल आलं. वरून विचारणा झाली. आणि एका सोमवारी यादीचं नाव 'एआय स्वीकार' जाऊन 'एआय कार्यक्षमता' झालं. माणसं तीच, काम तेच, सवयी त्याच. व्हाउचरवाला आता शेवटून चौथा. त्याला मॅनेजरनं बाजूला घेऊन विचारलं, 'सब ठीक है ना घर पे?'

तीन महिन्यांत जी फूटपट्टी उलटी धरता येते ती माणसाची लायकी मोजत नसते. त्या तिमाहीत मालकाला कशाची काळजी वाटतेय, एवढंच तिच्यातून कळतं.

हे सगळं आपल्या धंद्यात आधी होऊन गेलंय, हे आणखी एक दुखणं. १९८२च्या सुमारास ॲपलमध्ये लिसा नावाच्या कॉम्प्युटरवर काम चाललं होतं. मॅनेजरांनी फर्मान काढलं, की प्रत्येक इंजिनिअरनं दर आठवड्याला किती ओळी लिहिल्या ते फॉर्मवर भरावं. बिल ॲटकिन्सन तिथला अत्यंत महत्त्वाचा प्रोग्रॅमर. त्या आठवड्यात त्यानं स्क्रीनवर आकृत्या काढणाऱ्या क्विकड्रॉचा एक भाग नव्यानं लिहिला होता. कोड कितीतरी वेगवान झाला आणि दोन हजार ओळींनी कमी झाला. त्यानं फॉर्मवर लिहिलं: उणे २०००. काही आठवड्यांनी त्याच्याकडे फॉर्म मागणं बंद झालं. ही गोष्ट आमच्या क्षेत्रात इतक्यांना ठाऊक आहे की ती सांगताना संकोच वाटतो. तरी बघा, चाळीस वर्षांनंतर भागाकाराच्या वर पुन्हा ओळीच बसल्या आहेत. अर्थशास्त्रात याला गुडहार्टचा नियम म्हणतात. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात तो मांडला. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं, असा त्याचा आजचा रूढ अर्थ. आमच्या मॅनेजरच्या स्लाइडमध्येही हा नियम आहे. यादीच्या आधीच्या स्लाइडवर.

'मग मोजूच नये का?' असं विचारणारे लोक मूर्ख नसतात. उलट मोजायला हवं असं मलाही वाटतं, कारण याबाबत आपल्या स्वतःच्या वाटण्यावर भरवसा ठेवता येत नाही. मेटर नावाच्या अमेरिकी संशोधन संस्थेनं जुलै २०२५मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ओपन सोर्स प्रकल्पांवर वर्षानुवर्षं काम केलेले १६ डेव्हलपर, त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामं. कोणत्या कामात एआय वापरायचं आणि कोणत्यात नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. सुरू करण्याआधी त्यांना वाटत होतं की एआयमुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल. संपल्यावर वाटत होतं की २० टक्के वाचला. प्रत्यक्षात एआय असताना १९ टक्के जास्त वेळ लागला. तेव्हाची टूलं आता जुनी झाली, आणि हा निष्कर्ष प्रत्येक डेव्हलपरला, प्रत्येक कामाला लागू करता येत नाही. पण मला त्यातली पद्धत महत्त्वाची वाटते. केवळ १६ माणसांबद्दल काही खात्रीनं बोलता यावं म्हणून त्यांना एवढा खटाटोप करावा लागला, आणि त्यांनीही त्या सोळांची यादी लावली नाही. आमच्याकडे दोन दिवसांत लिहिलेला भागाकार १४६ जणांबद्दल दर सोमवारी निकाल देतो.

आता मला ज्या गोष्टीची खरी चीड आहे तिच्याकडे येते.

आमच्या टीममध्ये परभणीकडचा एक मुलगा आहे. कॉलेजातून थेट आलेला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. तो मला ताई म्हणतो. ऑफिसात बाकीचे नावानं हाक मारतात, त्याला ते अजून जमत नाही. कोड तो उत्तम लिहितो. पण काही नवीन समजून घ्यायचं असलं की तो एआयला मराठीत विचारतो. 'डेडलॉक म्हणजे नक्की काय होतं, मला बँकेच्या खात्याचं उदाहरण देऊन सांग.' आणि पानभर मराठीत उत्तर वाचतो. त्याच्या वर्गातल्या ज्या मुलांना सिनिअरला इंग्रजीत शंका विचारायची धास्ती वाटायची, आणि म्हणून ज्यांनी कधी विचारलंच नाही, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे इंग्रजी माध्यमातल्यांना सांगून कळायचं नाही. हसेल कोण, ही भीतीच नाही.

आणि टोकनांच्या हिशेबात मराठी महाग आहे.

कसं ते सांगते. 'क्षेत्रफळ' हा शब्द घ्या. कॉम्प्युटरच्या लेखी त्यात नऊ खुणा आहेत: क, हलन्ताची खूण, ष, एकाराची मात्रा, असं करत ळपर्यंत. यूटीएफ-८ या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात, इंग्रजी अक्षराला एक. म्हणजे 'क्षेत्रफळ' २७ बाइट, आणि त्याच अर्थाचा 'एरिया' इंग्रजी स्पेलिंगमध्ये ४. बऱ्याच मॉडेलांचे टोकन अशा बाइटांपासून बनवतात: जे तुकडे प्रशिक्षणाच्या मजकुरात वारंवार एकत्र दिसले, ते जोडून एक टोकन. त्या मजकुरात इंग्रजीचा डोंगर आणि मराठीची चिमूट. त्यामुळे इंग्रजी शब्द अख्खाच्या अख्खा एका टोकनात बसतो, आपला शब्द भुगा होऊन जातो.

आकडा हवा असेल तर खुद्द ओपनएआयनं दिलेला आहे. मे २०२४मध्ये जीपीटी-४ओ आणताना त्यांनी एकच छोटा नमुना मजकूर वेगवेगळ्या भाषांत घेऊन आधीचे आणि नवे टोकन जाहीर केले. इंग्रजीत आधी २७, नंतर २४. मराठीत आधी ९६, नंतर ३३. म्हणजे त्याआधी तेच बोलायला मराठीत साडेतीन पटीहून जास्त टोकन लागत होते. नव्या मॉडेलात सुधारणा मोठी आहे, ते मान्य करायला हवं. तरी आजही ३३ आणि २४. प्रत्येक कंपनीचा टोकन पाडायचा साचा वेगळा, त्यामुळे हा फरक कुठे कमी, कुठे जास्त. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये दाखवलं होतं, की भाषाभाषांतला असा फरक काही बाबतींत पंधरा पटींपर्यंत जातो.

यावर कुणी म्हणेल, एवढ्यानं काय होतंय, कोडिंगमध्ये बहुतेक टोकन फाइली वाचण्यात जातात, प्रश्नाची भाषा किरकोळ. कोड लिहून घेताना ते खरंच आहे. पण शिकताना नाही. शिकताना फाइली कमी आणि उत्तरं लांब असतात. आणि मॉडेलनं लिहिलेला टोकन हा आपण पाठवलेल्या टोकनच्या कित्येक पट महाग असतो. परभणीचा मुलगा जे करतो, म्हणजे मराठीत लांबलचक उत्तरं मागवून विषय समजून घेतो, ते या सूत्रात दोन्हीकडून मार खातं: खालचा आकडा वाढतो आणि समजण्याची ओळ गिटमध्ये पडत नाही.

तो सलग पाच आठवडे शेवटच्या दहांत होता. कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नसते, कमांड सगळ्यांकडे आहे. आता तो इंग्रजीत विचारतो. तुटक, तीन-चार शब्दांत. उत्तर इंग्रजीत येतं, तो ते वाचतो, अर्धं कळतं, कोड चिकटवतो. क्रमांक सुधारून साठच्या आत आलाय. परवा त्याचं 'सर्वाधिक प्रगती' म्हणून नाव आलं. मी त्याला म्हटलं, 'अरे, तुला जे करायचं ते मराठीतच कर, माझ्या नावावर चालव.' तो म्हणाला, 'नको ताई, तुमचा नंबर जाईल.'

एरवी मराठी शाळा, मराठी पाट्या, अभिजात दर्जा यांवर आपण किती भांडतो. मराठीतून विचार केला म्हणून माणूस 'अकार्यक्षम' ठरतोय, आणि ते ठरवणाऱ्या सूत्रात भाषेचा उल्लेखही नाही. आंदोलन तरी कुणाविरुद्ध करणार? भागाकाराविरुद्ध?

बिलाच्या प्रश्नाला बगल देत नाही. एआयचा खर्च खरा आहे, त्यामागची वीजही खरी आहे, आणि रात्रभर एजंट चालू ठेवणाऱ्याला कुणीतरी थांबवायलाच हवं. पण त्यासाठी माणसांची यादी कशाला? प्रोजेक्टवार बजेट ठेवा. संभाषण फार लांबलं की टूलनंच त्या माणसाला हळूच सांगावं, 'नवीन सुरू करा, स्वस्त पडेल.' साध्या कामाला महागडं मॉडेल लावलं तर तिथल्या तिथे सुचवावं. टीमचा एकूण आकडा टीमला दाखवावा. या सगळ्याला आहे तोच डेटा पुरतो. त्यातून नावं आणि क्रमांक वजा केले तर बिल कमी करायचं एकही साधन हातातून जात नाही. हातातून जातो तो फक्त धाक. म्हणून माझा संशय असा की यादी बिलासाठी नाहीच. पुढच्या वेळी दहा टक्के लोक कमी करायचे झाले तर यादी तयार हवी, आणि ती कुणी माणसानं बनवलेली दिसायला नको.

'कार्यक्षमता' या शब्दाचा मुंबईतला इतिहास आमच्या एचआरला माहीत नसावा. १९२८च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि ऑक्टोबरपर्यंत बंद राहिल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर. भांडणाच्या मुळाशी जी कारणं होती त्यांतलं एक मोठं कारण म्हणजे मालकांची नवी योजना: विणकरानं दोनाऐवजी तीन माग सांभाळायचे, कमी माणसांत जास्त सूत काढायचं. हेही कार्यक्षमतेच्याच नावाखाली. गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. आज त्याच लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं आहेत आणि आमच्या कंपनीची मुंबई शाखा त्यांतल्याच एकीत बसते. त्याआधी, १९११मध्ये, अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभं राहण्याची टेलरची पद्धत आली तेव्हा ओतकाम करणारे कामगार काम टाकून बाहेर पडले. प्रकरण संसदेच्या चौकशी समितीपर्यंत गेलं, खुद्द टेलरची साक्ष झाली आणि १९१५पासून असल्या कारखान्यांत स्टॉपवॉच लावायला सरकारी पैसा वापरण्यावर तिथल्या काँग्रेसनं बंदी घातली. स्टॉपवॉच डोळ्यांना दिसायचं, म्हणून त्यावर भांडता आलं. आमचं स्टॉपवॉच एका लपलेल्या फोल्डरमध्ये आहे आणि नोंदी आम्हीच आमच्या हातानं भरतो.

जर्मनीत हे इतक्या सहज झालं नसतं. तिथल्या कायद्यानुसार, कर्मचाऱ्यांच्या वागण्यावर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकणारं कुठलंही तांत्रिक साधन आणायचं तर कामगारांनी निवडलेल्या मंडळाची संमती घ्यावी लागते, जिथे असं मंडळ आहे तिथे. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण त्याच्या सातव्या कलमात नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याचा डेटा त्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा मालकाला दिली आहे. आयटीवाल्यांनी युनियनचं नाव काढलं की पालकच आधी ओरडतात, 'तू काय गिरणीत आहेस का?' तेव्हा तूर्त आपल्या हातात विचारणं आहे.

आम्ही अकरा जणांनी एचआरला मेल लिहिला. त्यात चार गोष्टी विचारल्या. क्रमांक काढायचं सूत्र लेखी मिळेल का? क्रमांक अप्रेझलमध्ये धरला जातो का, आणि धरला जात नसेल तर मॅनेजरला तो नावासकट का दिसतो? शिकण्यासाठी केलेला वापर मोजणीतून वगळता येईल का? आणि वेगवेगळ्या भाषांत विचारणाऱ्यांचे टोकन एकाच मापानं मोजणं योग्य आहे असं कंपनीला वाटतं का? पाठवण्याआधी मेल सगळ्या १४६ जणांना दाखवला होता. बऱ्याच जणांनी खासगीत 'शंभर टक्के सहमत' असं कळवलं आणि सही केली नाही. मी समजू शकते. सही करणाऱ्या अकरांपैकी नऊ जण शेवटच्या तीसांत आहेत, त्यामुळे 'नंबर खाली आहे म्हणून ओरडतात' हे उत्तर तयारच होतं आणि ते आलंही, एचआरकडून नाही, टीमच्या ग्रुपवर. उरलेल्या दोघांतला एक त्या आठवड्यात तिसरा होता. सतरा फॉर्मवाला.

एचआरनं पुढच्या गुरुवारी चार वाजताची वेळ दिली आहे. सूत्र लिहिणाऱ्या मुलालाही बोलावलंय.